लहान मुलांना घेऊन नागपूरच्या रामन विज्ञान केंद्रात : आदल्या रात्रीपासून परतीच्या ऑटोपर्यंत

गांधीसागर तलावाजवळच्या रामन विज्ञान केंद्रात सुट्टीच्या दिवशी दुपारी गेलात, तर एक दृश्य हमखास दिसतं. घामाघूम आई-बाबा, कडेवर रडणारं दोन वर्षांचं पोर, आणि हात ओढत मागं राहणारी मोठी मुलगी, जिला आरशासमोर अजून पाच मिनिटं हवी आहेत. केंद्रात पाहण्यासारखं भरपूर आहे. चुकतो तो क्रम. बाराला पोहोचायचं, सगळी तिकिटं एकदम काढायची, प्रत्येक दालनातून एक फेरी मारायची आणि थकलेल्या मुलाला शेवटी तारांगणाच्या अंधारात बसवायचं, असा बहुतेकांचा दिवस जातो. खालचे टप्पे दोन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. नागपूरकरांना ते उपयोगी पडतीलच, पण वर्धा, अमरावती, भंडारा, चंद्रपूरहून एका दिवसासाठी येणाऱ्या कुटुंबांना जास्त.

१. वयाप्रमाणे आधीच काटछाट करा

सगळं बघायचं नाही, हे घरातच ठरवा. तिथं गेल्यावर ठरवू म्हटलं की ठरत नाही.

दोन ते साडेतीन वर्षांच्या मुलासाठी बाहेरचं उद्यान, डायनासोरच्या मोठ्या आकृत्या आणि दालनातल्या चार-पाच हलणाऱ्या-फिरणाऱ्या वस्तू पुरेशा आहेत. एकूण वेळ दीड तास. तारांगण नको, थ्रीडी नको.

चार ते सहा वर्षांच्या मुलाला आठ-दहा प्रयोग आणि एक खेळ, म्हणजे तारांगण किंवा थ्रीडी यांपैकी एकच. अडीच तास, मध्ये खाण्याची सुट्टी धरून.

सात-आठ वर्षांच्या मुलाला दोन्ही खेळ झेपतात, पण सलग नाही. मध्ये किमान पाऊण तास मोकळा ठेवा.

दोन मुलं वेगवेगळ्या वयाची असतील तर दोन मोठी माणसं हवीतच. एकट्याने तीन वर्षांचं आणि सात वर्षांचं मूल घेऊन गेलं की मोठ्याचा दिवस धाकट्याच्या मागे धावण्यात जातो. आजी-आजोबा येणार असतील तर त्यांच्याकडे धाकटं सोपवू नका. त्यांच्या गुडघ्यांना ती धावाधाव झेपत नाही. मोठ्याबरोबर प्रयोग बघायला तेच चांगले, कारण थांबायची घाई त्यांना नसते.

२. दिवस आणि वेळ

शाळा चालू असताना मंगळवार ते शुक्रवारची दुपार सर्वांत निवांत. डिसेंबर-जानेवारीत सकाळी शाळांच्या सहली येतात. एका वेळी दोन-तीन बसमधली मुलं दालनात शिरली की तीन वर्षांच्या मुलाचा हात कुठल्याच बटणापर्यंत पोहोचत नाही. त्या दोन महिन्यांत जेवून दोनच्या सुमारास जा. सहली तोवर निघू लागतात.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत उलटं करा. केंद्र उघडताना दारात हजर राहा आणि साडेबारापर्यंत घरी परता. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. दरवर्षी तितकं नसलं तरी ४४-४५ अंश हे मे महिन्यातलं नेहमीचं ऊन आहे. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, लहान मुलांना घेऊन हा बेत आखूच नका.

काही दिवस केंद्र उघडं असूनही रस्ते साथ देत नाहीत:

- दसरा आणि त्याच्या आगेमागे: दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात. वाहतुकीचे मार्ग बदलतात, ऑटो मिळत नाही.
- तान्हा पोळा (पोळ्याचा दुसरा दिवस): मारबत आणि बडगे या पुतळ्यांच्या मिरवणुका जुन्या वस्तीतून निघतात. महाल-इतवारीकडून येणाऱ्यांची अडचण होते.
- रामनवमी: पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा. स्टेशन परिसर आणि बर्डीकडचे (सीताबर्डी) रस्ते गजबजतात.
- डिसेंबरमधलं हिवाळी अधिवेशन: मोर्च्यांमुळे बर्डी आणि सिव्हिल लाइन्सकडची वाहतूक अडते.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, मोठ्या विद्यार्थ्यांची गर्दी असते. दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी तो दिवस उत्तम, तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी अजिबात नाही.

तपासून घ्या: निघण्याच्या आदल्या दिवशी केंद्रात फोन करून तीन गोष्टी विचारा. उद्या केंद्र किती ते किती उघडं आहे, तारांगणाचा मराठी खेळ किती वाजता आहे, आणि थ्रीडी चालू आहे का. जुन्या माहितीवर जाऊ नका. सगळा दिवस तारांगणाच्या वेळेभोवती बसवायचा असल्याने हा फोन सर्वांत महत्त्वाचा.

३. आदल्या रात्रीची तयारी

पिशवी एकच, पाठीवरची. दोन्ही हात मुलांसाठी मोकळे हवेत. त्यात:

- प्रत्येक मुलामागे अर्धा लिटर पाणी, उन्हाळ्यात एक लिटर
- चुरा न पडणारा खाऊ: तूप-साखर लावलेल्या पोळीची गुंडाळी, ठेपला, केळं. चिवडा नको
- पाच वर्षांखालच्या मुलासाठी कपड्यांचा पूर्ण जोड, आतल्या कपड्यांसह
- पातळ स्वेटर किंवा दुपट्टा, उन्हाळ्यातसुद्धा. बाहेरच्या ऊन्हातून घामेजलेलं मूल थंड सभागृहात बसलं की कुडकुडतं
- ओला करता येईल असा छोटा नॅपकिन आणि साबणाच्या कागदी चकत्या
- जलसंजीवनीचं (ओआरएस) एक पाकीट

जलसंजीवनीबाबत एक चूक सर्रास होते. पाकीट बहुतेकदा एक लिटरचं असतं आणि लोक ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत किंवा पेल्यात चिमटीने टाकतात. मिठाचं प्रमाण वाढलं की लहान मुलाला अपायच होतो. एक लिटरची बाटली नसेल तर पाकीट आणूच नका. त्याऐवजी घरीच एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून न्या. कैरीचं पन्हं चालतं, पण ते साध्या पाण्याला पर्याय नाही.

बाबागाडी शक्यतो नको. पायऱ्या आणि गर्दीत ती उचलावी लागते. दोन वर्षांच्या मुलासाठी झोळी किंवा कंबरपट्ट्याची पिशवी बरी.

अंधाराची उजळणी. तारांगणात न्यायचं असेल तर आदल्या रात्री खोलीतले दिवे पूर्ण बंद करून मुलाबरोबर पाच मिनिटं गादीवर आडवे व्हा आणि छताकडे बघत बोला. "उद्या असंच अंधारात झोपल्यासारखं बसायचं, वर तारे दिसतील, आवाज मोठा येईल." पाच मिनिटांत मूल उठून दिव्याकडे पळालं तर तारांगणाचं तिकीट काढू नका. हट्टाने नेलेलं मूल सातव्या मिनिटाला रडतं आणि मग दोघांनाही अंधारात चाचपडत बाहेर यावं लागतं.

सकाळी निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत डोक्यापासून पायापर्यंत एक फोटो काढा. कपडे पिवळे, केशरी, भडक. पांढरा किंवा निळा शर्ट नको, सहलीच्या गणवेशांत तो हरवतो. मोबाइल नंबर मुलाच्या हातावर बॉलपेनने लिहा. चिठ्ठी खिशात राहत नाही.

४. पोहोचणं

रेल्वेने येणाऱ्यांना नागपूर स्टेशनपासून केंद्र दोनेक किलोमीटर, गणेशपेठ एसटी स्थानकापासून त्याहून जवळ. मेट्रोने यायचं तर अ‍ॅक्वा मार्गावरचं कॉटन मार्केट स्टेशन, तिथून ऑटो. मुलांना घेऊन चालत जाण्याचा विचार सोडा. सकाळी कॉटन मार्केटात भाजीचे ट्रक आणि हातगाड्या असतात, लहान मुलाचा हात धरून चालायला सरळ रस्ता मिळत नाही.

न्याहारी घरीच करून निघा. बाहेरचे तर्री पोहे मोठ्यांसाठी ठीक, पण त्या तिखट रश्श्याने चार वर्षांच्या मुलाचं पोट अकराच्या सुमारास कुरकुरायला लागतं. बाहेरच खायचं असेल तर मुलासाठी साधे पोहे, वरून काही नको.

५. तिकीट खिडकी

प्रवेश, तारांगण आणि थ्रीडी यांची तिकिटं वेगवेगळी असतात. रांगेत उभं राहून "सगळंच द्या" म्हणणं ही पैसे आणि दिवस दोन्ही वाया घालवायची सोपी पद्धत. क्रम असा ठेवा:

अ. एका मोठ्या माणसाने रांगेत लागायचं. दुसऱ्याने मुलांना शौचालयात न्यायचं, त्यांना लागली असो वा नसो.

आ. खिडकीवर आधी तारांगणाच्या मराठी खेळाची वेळ आणि मुलांच्या तिकिटाची वयोमर्यादा विचारायची, मगच पैसे काढायचे. चार वर्षांचं मूल इंग्रजी निवेदनात दहा मिनिटंही रमत नाही. मराठी खेळ दोन तासांनी असेल तर हिंदी घ्या. नागपूरच्या मुलांना हिंदी कळतं.

इ. खेळ आत्तापासून किमान सव्वा तासाने असेल असाच घ्या. पोहोचल्या पोहोचल्या पंधरा मिनिटांत सुरू होणारा खेळ मोहात पाडतो, पण नुकतंच आलेलं, धावायला आसुसलेलं मूल खुर्चीत बसत नाही.

इशारा: खेळ सुरू झाल्यावर दार उघडण्याची अपेक्षा धरू नका. मोबाइलमध्ये खेळाच्या वीस मिनिटं आधीचा गजर लावून टाका.

६. आत शिरल्यावर भेटीची जागा

पहिलं प्रदर्शन बघण्याआधी हे दोन मिनिटांत उरका. मुलांना तिकीट खिडकीजवळ किंवा मुख्य दाराशी उभं करून सांगा: आपण एकमेकांना दिसलो नाही तर इथं यायचं. तीन वर्षांखालच्या मुलाला हे कळत नाही. त्याच्यासाठी नियम एकच, हात सोडायचा नाही, आणि तो पाळण्याची जबाबदारी तुमची. चार वर्षांपुढच्या मुलाला गणवेशातले काका-मावशी दाखवून ठेवा आणि कुणाकडे जायचं ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या.

मूल दिसेनासं झालं तर एकाने लगेच बाहेरचं दार गाठायचं, दुसऱ्याने शोधायचं. दोघं मिळून दालनात धावायला लागले की दार मोकळं राहतं. सकाळचा फोटो सुरक्षारक्षकाला दाखवा. शब्दांत वर्णन करत बसू नका.

७. आधी बाग की आधी दालन?

उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात: आधी बाग, मग दालन. हिवाळ्यात: आधी दालन, बाग शेवटी. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा बाग, मग दुसरं काहीही सोडून.

उद्यानातल्या लोखंडी आणि फायबरच्या वस्तू उन्हात फार तापतात. मुलाला बसवण्याआधी पालथा हात पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्याच्या मांड्यांना नक्कीच पोळेल. पावसानंतर घसरगुंडीचा तळ आणि पायऱ्या बघून घ्या, शेवाळावरून पाय सटकतो.

डायनासोरला घाबरणारं मूल असेल तर थेट जवळ नेऊ नका. वीस पावलांवरून पायाची बोटं मोजायला सांगा, मग दहा पावलांवरून. मोजण्यात गुंतलं की भीती मागं पडते. तरीही मागे सरकलं तर सोडून द्या. फोटोसाठी उचलून तिथं नेलं की उरलेला दिवस ते कडेवरून उतरत नाही.

८. दालनातले प्रयोग: थोडे, पण हाताने

इथंच लोक सर्वांत जास्त चुकतात, म्हणून जरा थांबून वाचा. मोठी माणसं फलक वाचतात, मुलाला सारांश सांगतात आणि पुढे सरकतात. मुलाच्या हाती काहीच पडत नाही. पद्धत उलटी हवी. मूल ज्याच्यापाशी थांबेल तिथं तुम्हीही थांबा. फलक तुम्ही मनातल्या मनात वाचा. मुलाला आधी करू द्या. मग एकच वाक्य सांगा.

विज्ञान केंद्रांत भेटणारे काही नेहमीचे प्रयोग आणि ते कसे फसतात:

खोलगट आरसा. मुलं समोरून पळत जातात, तोंड वेडंवाकडं दिसलं की हसतात, संपलं. त्याऐवजी मुलाला आरशाच्या अगदी जवळ उभं करा. चेहरा मोठा आणि सुलटा दिसेल. आता सावकाश एकेक पाऊल मागे यायला सांगा. एका ठिकाणी चेहरा धूसर होईल आणि त्यापुढे उलटा दिसेल. धूसर होतं ती जागा आरशाच्या वक्रता केंद्राच्या, म्हणजे आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्या गोलाच्या मध्याच्या, आसपासची. मागे येताना तुम्ही पाठीशी उभे राहा, नाहीतर ते दुसऱ्या कुणावर आदळतं.

कुजबुजणाऱ्या थाळ्या. लांब अंतरावर समोरासमोर ठेवलेले दोन मोठे वाडगे. इथं मूल थाळीकडे पाठ करून समोरच्या माणसाला ओरडून हाक मारतं आणि "ऐकू येत नाही" म्हणतं. तोंड थाळीकडे हवं, आणि खूण केलेल्या जागेजवळ. तिथून निघालेला आवाज थाळीवर आपटून सरळ समांतर जातो आणि दुसरी थाळी तो पुन्हा एका जागी गोळा करते. लहान मुलाचं तोंड त्या जागेपर्यंत पोहोचत नाही, त्याला उचलून धरा. दुसऱ्या टोकाला मोठं माणूस असू द्या आणि कुजबुजायला सांगा. ओरडलं तर त्यातली गंमत जाते.

कप्प्या. एकाच कप्पीवरचं वजन आधी ओढू द्या, मग अनेक कप्प्यांचं. मदत करू नका. तुम्ही दोर धरला की दोन्ही वजनं सारखीच हलकी लागतात आणि प्रयोगच संपतो. सहा वर्षांपुढच्या मुलाला दोर किती ओढावा लागला तेही बघायला सांगा: जोर कमी लागला, पण दोर जास्त ओढावा लागला.

हवेत तरंगणारा चेंडू. मूल लगेच चेंडू पकडतं. एकदा पकडू द्या, तो मोह टळत नाही. मग हवेचा झोत तिरका करता येत असेल तर करून दाखवा. चेंडू झोत सोडून लगेच पडत नाही, हे बघण्यासारखं आहे.

फिरणारं आसन. सहा वर्षांपुढे, आणि खाल्ल्यानंतर अर्धा तास तरी नको. तीन फेऱ्या पुरे. उतरल्यावर मुलाला दहा सेकंद तिथंच धरून उभं करा.

बटणाचे प्रयोग. मुलं बटण सटासट दाबतात आणि काय झालं ते बघायच्या आत पुढे जातात. नियम घाला: एकदा दाबायचं, दहा मोजायचे. मोजायला येणाऱ्या मुलाला हे आवडतंसुद्धा.

इशारा: लखलखणाऱ्या दिव्यांच्या प्रयोगांपासून फिट्सचा त्रास असलेल्या मुलाला दूर ठेवा. काचेच्या गोळ्यातल्या विजेच्या रेघांना हात लावायची परवानगी असली तरी ओला हात नको.

मधली तपासणी, दर अर्ध्या तासाने: मूल प्रयोगाऐवजी रेलिंगवर चढतंय का? प्रश्न विचारायचं थांबलंय का? डोळे चोळतंय का? दोनाला "हो" आलं तर उरलेले प्रयोग सोडा आणि खायला बसा.

९. तारांगण आणि थ्रीडी

गजर वाजला की आधी शौचालय, मग दोन घोट पाणी, मग रांग. कडेची खुर्ची घ्या, शक्यतो दाराच्या बाजूची. दोन मुलांच्या मध्ये मोठं माणूस.

दिवे मालवल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटं लागतात. या वेळात मोबाइल उघडला तर तुमच्यासकट आसपासच्यांचीही ती सवय मोडते आणि मंद तारे दिसत नाहीत. मूल घाबरलं तर दिवा लावू नका, हात धरा आणि कानात बोला. आकाश वेगाने फिरवलेलं दाखवतात तेव्हा काही मुलांना गरगरतं. डोळे मिटून दहा मोजायला सांगा.

थ्रीडीत चष्मा हाच प्रश्न असतो. तो मोठ्यांच्या मापाचा असल्यास लहान नाकावरून घसरतो, आणि घसरलेल्या चष्म्यातून दुहेरी चित्र दिसून डोकं दुखतं. केसांचा रबरबँड काडीला मागून बांधला की तो बसतो. नजरेचा चष्मा असलेल्या मुलाने तो काढायचा नाही, वरून थ्रीडीचा घालायचा. चष्मा नीट बसूनही "मला काही बाहेर आलेलं दिसत नाही" असं मूल म्हणालं आणि इतरांना दिसत असेल, तर ते थापा मारत नाही. दोन्ही डोळे एकत्र काम करत नसतील तर खोली जाणवत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. हे लहानपणी लक्षात आलेलं फार बरं असतं.

१०. खाणं, हात आणि ऊन

शेकडो हातांनी दाबलेली बटणं दाबून झालेली असतात. खाण्याआधी साबणाने हात, नुसता नॅपकिन नाही. संत्री सोलायची असतील तर बाहेर बसून सोला आणि पुन्हा हात धुवा. चिकट हात मग प्रत्येक काचेवर उमटतात.

उन्हाळ्यात दाराबाहेरचा बर्फ घातलेला उसाचा रस आणि गोळा मुलांना देऊ नका. बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते कळत नाही.

मूल एकदम गप्प झालं, कातडी गरम लागतेय, चालताना झोकांड्या देतंय, तर सावलीत आणा, कपडे सैल करा, मान-काखेत ओला नॅपकिन ठेवा आणि शुद्धीवर असेल तर घोटघोट पाणी पाजा. बरळायला लागलं किंवा हाकेला ओ देईना, तर घरी नेण्यात वेळ घालवू नका, थेट रुग्णालय.

११. निघताना

"चला, झालं" असं अचानक म्हटलं की दाराशी रडारड होतेच. दहा मिनिटं आधी सांगा, "आता दोनच प्रयोग, ते तू निवड." मुलं बहुतेकदा आधी पाहिलेलंच निवडतात. पैसे वसूल करायचे म्हणून न पाहिलेल्याकडे ओढू नका.

दाराबाहेर पडण्याआधी बाटली, स्वेटर, टोपी आणि मुलाचे दोन्ही बूट मोजा. ऑटोचं भाडं मूल झोपण्याआधी ठरवा. खांद्यावर झोपलेलं पोर घेऊन घासाघीस होत नाही.

त्याच दिवशी आणखी काही?

नको. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय घ्या. मेट्रोच्या ऑरेंज मार्गावरचं कडबी चौक स्टेशन सोयीचं. खरी इंजिनं, मोकळी जागा आणि छोटी गाडी असल्याने चार वर्षांखालच्या मुलांना ते विज्ञान केंद्राहूनही जास्त मानवतं. सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला (मध्यवर्ती संग्रहालय) मात्र काचेआडच्या वस्तूंचा आहे, हात लावता येत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाबरोबर तिथं अर्धा तास धरा, आणि पक्षी-प्राण्यांच्या दालनापासून सुरुवात करा. ही दोन्ही ठिकाणं सोमवारी बंद असतात, त्यामुळे शनिवार-रविवार जोडून येणाऱ्यांनी परतीचा सोमवार यांच्यासाठी राखू नये.